रानगुलाब : झुडपापासून बाटलीपर्यंत

युरोपातील शेतांच्या कुंपणांतून आपोआप वाढणाऱ्या रानगुलाबाला औषध, खाद्य आणि सौंदर्यप्रसाधन अशा तिन्ही क्षेत्रांत मोठे नाव आहे. परंतु ज्या गुणांमुळे हे नाव झाले ते गुण एकाच वेळी, एकाच भागातून आणि एकाच रीतीने हाती लागत नाहीत, ही गोष्ट या झुडपाबरोबर वर्षभर काम केल्याशिवाय नीट ध्यानात येत नाही. पाकळीचा हंगाम जूनमधला, गराचा सप्टेंबरपासून पुढचा आणि बियांच्या तेलाचा तर गर वेगळा झाल्यानंतरचा. शिवाय एकाला साखर लागते, दुसऱ्याला उकळते पाणी लागते आणि तिसऱ्याला उष्णता सोसत नाही. प्रस्तुत विवेचन इंग्लंडच्या पश्चिमेस, वेल्सच्या सीमेलगतच्या हेरफर्डशायर परगण्यातील एका लहान कार्यशाळेत केलेल्या कामावर आधारलेले आहे. तेथे रानगुलाबाचा पाक, गराचा मुरंबा, सुकवलेली फळे आणि त्वचेला लावायची तेले तयार होतात, आणि हे काम करणारे हात हंगामाप्रमाणे कधी कुंपणाशी, कधी चुलीशी तर कधी काट्या-तराजूशी असतात. या कामातून ठसलेली मुख्य गोष्ट अशी, की वनस्पतीचा म्हणून जो गुण सांगितला जातो त्यातला बराच भाग टिकवणाऱ्याच्या पदरात टाकावा लागतो. झुडूप देते ते खरे, पण दिलेले गमावण्याच्या वाटाही पुष्कळ असतात.

ज्याला इंग्रजीत डॉग रोझ आणि शास्त्रीय परिभाषेत रोझा कॅनिना म्हणतात, तो रानगुलाब म्हणजे दोन ते तीन मीटर उंचीचे, कमानीसारख्या झुकणाऱ्या फांद्यांचे काटेरी झुडूप होय. त्याचे फूल बागेतल्या गुलाबासारखे भरगच्च नसून पाच पाकळ्यांचे, फिकट गुलाबी किंवा जवळजवळ पांढरे असते, आणि ते दोन-तीन दिवसांत गळून जाते. फुलाखालचा पेल्यासारखा भाग, ज्याला पुष्पासन म्हणतात, तो पुढे फुगून लाल होतो आणि तोच बाजारात रोझहिप या नावाने ओळखला जातो. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर भाषेत मात्र हे लाल आवरण फळ नव्हे; आतले कठीण दाणे, ज्यांना सर्वसाधारणपणे बिया म्हटले जाते, तीच खरी फळे असून त्यांना कृत्स्नफळे असे नाव आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही, कारण औषधी व खाद्य उपयोगाचा गर आवरणात असतो आणि प्रसाधनाचे तेल दाण्यांत असते, आणि या दोहोंत रासायनिक दृष्ट्या फारसे साम्य नसते.

कुंपणात डॉग रोझबरोबर त्याचे भाऊबंदही उभे असतात आणि वेचणाऱ्याला ते ओळखता यावे लागतात. रोझा रुबिगिनोझा, म्हणजे स्वीट ब्रायर, याची पाने चुरगळली असता हिरव्या सफरचंदासारखा वास येतो, कारण पानांच्या पाठीवर सुगंधी ग्रंथी असतात. रोझा आर्वेन्सिस हा जमिनीलगत पसरणारा असून त्याची फुले शुभ्र असतात. मूळचा पूर्व आशियातील, परंतु युरोपात समुद्रकिनारी व रस्त्याकडेला सर्रास लावलेला रोझा रुगोझा लहान टोमॅटोएवढी मांसल फळे ऑगस्टमध्येच देतो. फळाच्या टोकाशी असलेली हिरवी निदले, म्हणजे फुलाला बाहेरून झाकणारी पाने, डॉग रोझमध्ये मागे वळून पिकण्यापूर्वीच गळून पडतात, तर स्वीट ब्रायर व रुगोझा यांच्या फळांवर ती टिकून राहतात. दुरून पाहूनही ओळख पटवण्यास ही खूण पुरते.

एकाच जातीची झुडपे शेजारी उभी असूनही त्यांच्या फळांचा आकार, गराची जाडी आणि पिकण्याचा काळ वेगवेगळा का असतो, याचे उत्तर त्यांच्या विलक्षण आनुवंशिकतेत आहे. बहुतेक सजीवांत नर आणि मादी यांच्याकडून सारख्याच संख्येने गुणसूत्रे येतात. डॉग रोझमध्ये मात्र एकूण ३५ गुणसूत्रांपैकी परागकणातून केवळ ७ आणि बीजांडातून २८ येतात, ही गोष्ट १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न व हॅरिसन यांनी आणि स्वीडनमध्ये टॅकहोल्म यांनी दाखवून दिली. परिणामी रोपे मातेच्या वळणावर जातात, लहानसहान भेद पिढ्यानपिढ्या टिकून राहतात आणि वर्गीकरणकारांना जातींच्या याद्या करताना नाकी नऊ येतात. कामाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की चांगले झुडूप एकदा हेरले की ते पुढील वर्षीही चांगलेच निघते. म्हणून कार्यशाळेच्या वहीत जातीच्या नावांपेक्षा झुडपांच्या जागांची नोंद अधिक काटेकोरपणे ठेवली जाते, जसे की फाटकाजवळचे लांबट फळांचे, ओढ्याकाठचे पातळ सालीचे, किंवा टेकडीच्या उताराचे उशिरा पिकणारे.

वेचणीला हात घालण्यापूर्वी दोन बंधने ध्यानात घ्यावी लागतात. इंग्लंडमधील १९६८च्या चोरीविषयक कायद्यानुसार रानात आपोआप वाढलेली फुले, फळे किंवा पाने घरच्या वापरासाठी तोडणे हा चोरीचा गुन्हा ठरत नाही. परंतु विक्रीच्या हेतूने तोडायची असतील तर जमीनमालकाची परवानगी लागते, आणि बाटली विकायला ठेवणाऱ्या कार्यशाळेला ही सवलत लागू पडत नाही. दुसरे बंधन निसर्गाचे आहे. रानगुलाब मागील वर्षी वाढलेल्या फांदीवर फुलतो, त्यामुळे ज्या शेतकऱ्याचे कुंपण दर हिवाळ्यात यंत्राने छाटले जाते त्याच्या वाट्याला पुढील हंगामात फारसे फळ येत नाही, आणि जो दोन-तीन वर्षांआड छाटणी करतो त्याचे कुंपण लाल होते. म्हणून मालकाशी बोलणी करताना फळांची किंमत ठरवण्याआधी छाटणीचे वेळापत्रक विचारणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्यक्ष तोडणीचे तंत्र काट्यांनी ठरवून दिलेले आहे. गुलाबाचा काटा लाकडातून निघालेला नसतो, तो सालीचा वाढलेला भाग असतो, आणि डॉग रोझमध्ये तो मागच्या बाजूला आकडीसारखा वळलेला असतो. त्यामुळे झुडपात हात आत जाताना काही अडत नाही आणि बाहेर काढताना मात्र बाही, मनगट आणि कातडी तिन्ही अडकतात. सराईत वेचणारा डाव्या हातात चामड्याचा जाड हातमोजा घालतो, त्या हाताने फांदी धरून आपल्याकडे न ओढता किंचित पुढे रेटतो, आणि उघड्या उजव्या हाताच्या अंगठ्याने फळ देठावरून बाजूला कलंडवतो. पक्व फळ अशा वेळी टचकन सुटते, आणि सुटले नाही तर ते अजून तयार नाही असे समजून सोडून द्यायचे असते. अडकलेला हात सोडवताना तो मागे ओढायचा नसून आधी आत ढकलायचा असतो, हे नवख्याला सांगून पटत नाही, पण एकदा ओरखडे उठले की पुन्हा सांगावे लागत नाही.

वर्षातील पहिले काम मात्र फळांचे नसून पाकळ्यांचे असते. युरोपातील जुन्या औषधविक्रेत्यांनी गुलाबाच्या पाकळ्यांचे चाटण करण्यासाठी रोझा गॅलिका या तांबड्या गुलाबाला पसंती दिली, अत्तर व गुलाबपाणी यांसाठी दमास्क गुलाब वापरला गेला, आणि डॉग रोझच्या मंद सुवासाला त्या बाजारात कधीच मोठी जागा मिळाली नाही. दमास्क गुलाबाच्या सुमारे ३,५०० ते ४,००० किलो पाकळ्यांतून एक किलो तेल मिळते हे ध्यानात घेतले, तर ज्याच्या पाकळ्यांत सुवास याहूनही कमी आहे त्याचे ऊर्ध्वपातन करणे म्हणजे केवळ इंधन जाळणे ठरते. डॉग रोझच्या पाकळ्यांचा खरा उपयोग साखरेबरोबर होतो. महाराष्ट्रात गुलकंद करताना सुवासिक देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि साखर यांचे थर बरणीत भरून ती उन्हात ठेवली जाते आणि उन्हाच्या धगीनेच पाकळ्या मुरतात. इंग्लंडच्या जूनमधील उन्हावर इतका भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पाकळ्या साखरेबरोबर खलात कुटून, त्यांचे पाणी सुटेपर्यंत घोटून घ्याव्या लागतात. पाकळीचा तळाकडचा पांढरा भाग कडवट असतो, तो कात्रीने आधीच काढून टाकला नाही तर ही कडवट चव साखरेनेही झाकली जात नाही.

पाकळ्या तोडताना शरद ऋतूतील फळांचा विचार करावा लागतो, कारण फूल खुडले तर फळ गेले. ज्या फुलांतील पुंकेसर पिवळे न राहता तपकिरी पडू लागले आहेत, त्यांची परागक्रिया बहुधा होऊन गेलेली असते. अशा फुलाखाली ओंजळ धरून पाकळ्यांना बोट लावले की त्या आपोआप हातात येतात आणि मधला पेला झाडावर शाबूत राहतो. सकाळी दव उडून गेल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वीच्या अवधीत हे काम उरकावे लागते, कारण ओल्या पाकळ्या टोपलीत काळवंडतात आणि उन्हाने तापलेल्या पाकळ्यांत वास उरत नाही.

फळाच्या औषधी कीर्तीचा इतिहास मोठा असला तरी त्यातला जुना भाग आणि आधुनिक भाग यांत फार थोडे साम्य आहे. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात अशी हकीकत नोंदवली आहे, की वेडे कुत्रे चावलेल्या एका सैनिकाच्या आईला स्वप्नात रानगुलाबाचे मूळ पाजण्याचा आदेश मिळाला आणि तो बरा झाला. अलर्क रोगावर या मुळाचा काहीही उपयोग नाही, हे आज निर्विवाद आहे. जॉन जेरार्ड याच्या १५९७च्या वनौषधिग्रंथात या फळांचा उल्लेख औषधापेक्षा मेजवानीतील गोड पदार्थांच्या संदर्भात अधिक आपुलकीने येतो. क जीवनसत्त्वाची ओळख विसाव्या शतकात पटली, त्याविषयीच्या कामासाठी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतरच रानगुलाबाच्या फळाला नवा मान आला. ताज्या फळाच्या १०० ग्रॅम गरात हे जीवनसत्त्व शेकडो मिलिग्रॅम असते, संत्र्यात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. महाराष्ट्रातील वाचकाला ओळखीचा आवळा मात्र याच पंक्तीत बसतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या वेढ्यामुळे ब्रिटनमध्ये संत्री-लिंबे येणे जवळजवळ थांबले, तेव्हा मुलांच्या क जीवनसत्त्वासाठी शासनाने १९४१मध्ये रानगुलाबाची फळे गोळा करण्याची मोहीम हाती घेतली, आणि पहिल्याच हंगामात सुमारे २०० टन फळे जमली. शाळकरी मुले, स्काउट आणि गावोगावच्या महिलामंडळांनी ही वेचणी केली, वजनावर काही पेनी मोबदला मिळत असे, आणि फळे कारखान्यांत जाऊन त्यांचा पाक औषधांच्या दुकानांतून विकला जाई. क्यू येथील वनस्पतिउद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलव्हिल यांनी फळांच्या तपासण्या केल्या, आणि उत्तरेकडील भागांतील फळे दक्षिणेकडील फळांपेक्षा या जीवनसत्त्वाने अधिक समृद्ध असतात असे आढळून आले. या मोहिमेचे विशेष असे, की तिने रानातल्या फळाला केवळ राष्ट्रीय महत्त्व दिले नाही, तर ते हाताळण्याची एक शिस्तही घालून दिली, आणि ती शिस्त आजच्या छोट्या कार्यशाळेलाही जशीच्या तशी लागू पडते.

युद्धकाळात अन्नमंत्रालयाने गृहिणींसाठी जी कृती प्रसिद्ध केली तिच्यात साधारण ९०० ग्रॅम फळांना पावणेदोन लिटर उकळते पाणी घेतले जाई, आणि फळे जाडसर दळून ताबडतोब त्या पाण्यात टाकावीत अशी स्पष्ट सूचना होती. या ताबडतोबीमागे ठोस कारण आहे. फळ अखंड असेपर्यंत त्यातील क जीवनसत्त्व आणि त्याचा नाश करणारे विकर, म्हणजे ज्याला व्यवहारात एन्झाइम म्हणतात ते, पेशींत वेगवेगळे राहतात. फळ चिरले वा दळले की दोन्ही एकत्र येतात, हवा मिळते आणि नाश सुरू होतो. उकळते पाणी हे विकर निकामी करते, म्हणून दळणाऱ्या यंत्राच्या तोंडाखालीच पातेले खदखदत असले पाहिजे. पुन्हा एक उकळी आली की पातेले उतरवून पाव तास झाकून ठेवायचे, जाड फडक्यातून निथळू द्यायचे, चोथ्यावर पुन्हा थोडे उकळते पाणी घालून दुसरा रस काढायचा, आणि पहिला निघालेला पेलाभर रस परत फडक्यात ओतायचा, हा क्रम मोडता येत नाही. त्यानंतर रस आटवून, त्यात सुमारे ५६० ग्रॅम साखर घालून, पाच मिनिटे उकळून तो गरम बाटल्यांत भरला जातो.

ज्या हाताला मराठी स्वयंपाकघरातील मुरंबा-मोरावळ्याचे वळण लागलेले आहे, त्याला या कृतीत दोन गोष्टी प्रथम खटकतात. मोरावळा आवळे टोचून, वाफवून, पाकात सावकाश मुरवून होतो आणि त्यात घाईला स्थान नसते; येथे मात्र दळण्यापासून उकळीपर्यंतचा काळ शक्य तितका तोकडा ठेवण्यातच सारे कौशल्य आहे. दुसरी गोष्ट भांड्याची. तांब्या-पितळेच्या कल्हईच्या भांड्यात पाक चांगला होतो असा घरोघरचा अनुभव असला, तरी तांबे आणि लोह यांच्या सान्निध्यात क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, आणि कल्हई कुठे उडाली आहे हे आटत्या रसाखाली दिसत नाही. म्हणून स्टेनलेस स्टील किंवा अखंड मुलाम्याचे भांडेच वापरावे लागते. बाटल्या लहान आणि गडद काचेच्या घेतल्या जातात, कारण उघडलेली बाटली आठवडा-दोन आठवड्यांत संपली पाहिजे आणि उजेडात ठेवलेल्या पाकाचा रंग जसा विटतो तसा गुणही.

फडक्यातून दोनदा गाळण्याचा आग्रह शुद्धतेच्या हौसेपायी नसतो. फळाच्या आत दाण्यांभोवती बारीक, ताठ, टोकदार कुसळे दाटीने भरलेली असतात, आणि ती घशाला वा आतड्याला लागली तर चुरचुर व खाज सुटते. इंग्लंडमधील शाळकरी मुले पूर्वी हीच कुसळे एकमेकांच्या सदऱ्यात टाकत, आणि ज्याने कोकणात खाजकुयलीच्या शेंगेला चुकून हात लावला आहे त्याला या खोडीची कल्पना वेगळी द्यायला नको. फळ दळून, उकळून पाक करताना कुसळे फडक्यात अडकतात; परंतु सुकवण्यासाठी फळे अर्धी करून आतला भाग चमच्याने खरवडायचा असतो तेव्हा ती हवेत उडतात, बोटांच्या बेचक्यांत बसतात आणि संध्याकाळपर्यंत त्रास देत राहतात. या कामाला ओले हात बरे पडतात, कारण पाण्याने कुसळे एकमेकांना चिकटून खाली बसतात.

गराच्या मुरंब्याचा न्याय पाकाच्या नेमका उलट आहे. पाकासाठी फळ लाल, चकचकीत पण टणक असतानाच, म्हणजे पहिल्या कडक थंडीपूर्वी, तोडावे लागते. गरासाठी मात्र हिमाचा तडाखा बसून फळ मऊ पडलेले हवे असते, कारण गोठण्याने पेशी फुटतात, गर चाळणीतून सहज उतरतो आणि गोडी जाणवू लागते. जीवनसत्त्वाचा काही भाग या अवधीत कमी होतो, पण खाद्यपदार्थाच्या दृष्टीने चव आणि पोत यांचे पारडे जड ठरते. ज्यांना हिमाची वाट पाहणे परवडत नाही ते फळे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून तोच परिणाम साधतात. या गराची परंपरा इंग्लंडपेक्षा युरोपच्या मुख्य भूमीवर अधिक समृद्ध आहे. जर्मनीतील फ्रांकोनिया प्रांतात उपवासकाळापूर्वीच्या उत्सवात तळल्या जाणाऱ्या गोल पावांत हा गर भरतात, स्वीडनमध्ये सुक्या फळांचे बटाट्याच्या पिठाने दाट केलेले गोड सूप बदामाच्या छोट्या बिस्किटांबरोबर खातात, आणि तुर्कस्तानात कुशबुर्नू या नावाने त्याचा मुरंबा न्याहारीला असतो. या सर्वांत समान धागा असा, की फळाचा मूळ तुरटपणा पुरता नाहीसा केला जात नाही; तो साखरेने व स्निग्ध पदार्थाने सावरून घेतला जातो.

सुकवलेल्या फळांचा चहा आणि भुकटी यांच्याविषयी बोलताना अधिक सावधपणा लागतो. चिरून मंद आचेवर दीर्घकाळ सुकवलेल्या फळात क जीवनसत्त्वाची मोठी घट होते, आणि कपभर गरम पाण्यात उतरते ते प्रामुख्याने आंबट-तुरट चव व रंग असतो. असा चहा सुखद असतो, पण जीवनसत्त्वाचा साठा म्हणून तो विकणे प्रामाणिकपणाचे नाही. सांधेदुखीवरील दाव्याची गोष्ट थोडी निराळी आहे. डेन्मार्कमध्ये दाण्यांसह दळलेल्या रानगुलाबाच्या भुकटीवर चाचण्या झाल्या, तिच्यातील गॅलॅक्टोलिपिड या घटकाला दाहशामक मानण्यात आले, आणि २००८मध्ये तीन चाचण्यांतील २८७ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात गुडघे व अन्य सांध्यांच्या झिजेमुळे होणाऱ्या वेदनेत मर्यादित पण दखलपात्र घट आढळली. या चाचण्या अल्पकालीन होत्या आणि त्यांना उत्पादकाचे अर्थसाहाय्य होते. म्हणून गिऱ्हाईक गुडघा दाखवून विचारते तेव्हा त्याला औषध बंद करून भुकटी घ्या असे सांगता येत नाही. मूत्रपिंडात खडे होण्याची प्रवृत्ती असलेल्याने किंवा शरीरात लोह साठून राहण्याचा विकार असलेल्याने तर वैद्याला विचारल्याखेरीज ती घेऊच नये.

प्रसाधनाच्या क्षेत्रात रानगुलाबाचे नाव आज सर्वाधिक गाजते, आणि गैरसमजही तेथेच सर्वाधिक आहेत. बियांच्या तेलाचा मोठा पुरवठा युरोपातून होत नसून दक्षिण अमेरिकेतील चिलीमधून होतो; युरोपीय वसाहतकारांबरोबर तेथे गेलेला स्वीट ब्रायर दक्षिण चिलीत आणि अर्जेंटिनाच्या पातागोनियात चराऊ कुरणे व्यापणारे तण बनला, आणि रोझा मोस्केटा या नावाने त्याच तणाचे पीक झाले. तेथील लोक फळे वेचून विकतात, कारखान्यात साल व दाणे वेगळे केले जातात, साल चहासाठी युरोपात जाते आणि दाण्यांतून तेल निघते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते; या दाण्यांत त्याच्या तुलनेत फारच थोडे, म्हणून लहान घाण्यावर ते काढणे परवडत नाही, आणि हेरफर्डशायरच्या कुंपणातील फळांचे गुणगान करणारी कार्यशाळाही तेल मात्र चिलीचेच आणते.

हे तेल नारिंगी रंगाचे असते ते त्यातील कॅरोटिनॉइडांमुळे. त्याचा मुख्य भाग लिनोलिक व लिनोलेनिक या मेदाम्लांचा असतो, ती कोरड्या त्वचेचे आवरण मऊ राखण्यास उपकारक ठरतात. परंतु बाजारातील कित्येक बाटल्यांवर हे तेल क जीवनसत्त्वाने भरलेले असल्याचे छापलेले असते, आणि हा दावा रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्याशीच विसंगत आहे, कारण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, तेलात नाही, आणि शिवाय ते गरात असते, दाण्यात नव्हे. गराची कीर्ती दाण्याच्या तेलाला उसनी दिल्याने खरी माहिती झाकली जाते. ती अशी, की लिनोलेनिक आम्लाच्या विपुलतेमुळेच हे तेल फार लवकर खवट होते. गडद बाटली, थंड जागा आणि उघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापर ही त्याची पथ्ये आहेत. साबणात ते घालणे तर दुहेरी नुकसानीचे असते, कारण कॉस्टिकशी संयोग झाल्यावर मेदाम्लांचे मूळ रूप उरत नाही आणि जे तेल शिल्लक राहते ते खवट होऊन वडीवर नारिंगी डाग उमटवते. म्हणून अनुभवी कारागीर ते धुऊन टाकायच्या वस्तूत न घालता अंगावर राहणाऱ्या मिश्रणात, तेही बदामासारख्या टिकाऊ तेलाच्या जोडीने, आणि शेवटी, आच विझल्यावर मिसळतो.

ब्रिटनमध्ये प्रसाधन विक्रीस आणण्यापूर्वी पात्र तज्ज्ञाकडून त्याच्या सुरक्षिततेचा अहवाल घ्यावा लागतो, आणि खाद्यपदार्थ रोग बरा करतो असे लेबलावर लिहिता येत नाही. लहान उत्पादकांना या नियमांचा खर्च जाचतो, आणि ती तक्रार सर्वस्वी अवाजवीही नाही. पण याच नियमांमुळे पाक, चहा, भुकटी आणि तेल यांचे दावे वेगवेगळे तपासून लिहिण्याची सवय लागते. महाराष्ट्रात हरितगृहांतील फुलशेती करणाऱ्यांना हा भेद वेगळ्या वाटेने ओळखीचा आहे. मावळातील निर्यातीचा गुलाब रानटी वळणाच्या खुंटावर डोळा भरून वाढवला जातो, आणि खुंटाकडून चिवटपणा व डोळ्याकडून फूल अशी वाटणी तेथे सर्वांना मान्य असते. एका भागाचे श्रेय दुसऱ्याला देऊन रोपवाटिका चालत नाही. रानगुलाबाच्या उत्पादनांतही पाकळी, गर, कुसळ आणि दाणा यांची अशीच वाटणी पत्करली, तर बऱ्याचशा भाबड्या आणि काही लबाड दाव्यांना आपोआप आळा बसतो.

अशा कामाचे मोल ठरवताना किती किलो फळ आले यापेक्षा ते किती तासांत उकळत्या पाण्यापर्यंत पोहोचले हा प्रश्न अधिक नेमका ठरतो. दुपारी तोडलेले फळ दुसऱ्या दिवशी दळायचे असेल तर ते अखंड आणि थंड राहिले पाहिजे. तोडताना चिरडलेली फळे त्याच संध्याकाळी वेगळी करून गरासाठी ठेवली पाहिजेत. आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या कस्तुरांच्या थव्यांसाठी वरच्या फांद्या सोडल्या पाहिजेत, कारण हेच पक्षी दाणे दूरवर टाकून पुढची कुंपणे पेरतात. या सर्व खटाटोपातून हाती येणारी बाटली विकताना तिच्यावर गुणांची लांबलचक यादी छापण्याऐवजी कोणत्या जातीचे फळ, कोणत्या महिन्यात तोडलेले, कोणत्या रीतीने काढलेले आणि कधीपर्यंत वापरायचे एवढे लिहिले, तर जाणत्या ग्राहकाला बाकीचे स्वतःच ताडता येते, आणि न जाणणाऱ्याला निदान काय विचारायचे ते कळते.